जॅकॅलिनमध्ये टी-अँटिजेन डॉक करताना साखर उलटी बसतेय, नेमकं काय तपासू?

आठळी:

नमस्कार मंडळी. मी एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात. प्रोजेक्ट फणसाच्या आठळ्यांमधल्या जॅकॅलिन या लेक्टिनवर (साखर ओळखून तिला चिकटणारं प्रोटीन) आहे. लॅबमधला भाग नीट पार पडलाय. आठळ्या सोलून वाटल्या, सलाइनमध्ये ठेवून अर्क काढला, तो क्रॉसलिंक केलेल्या ग्वार गमच्या कॉलमवरून सोडला आणि गॅलेक्टोजच्या द्रावणाने प्रोटीन उतरवून घेतलं. जेलवर पट्टे जिथे यायला हवेत तिथे आले, रक्तपेशींच्या गुठळ्याही छान होतात.

आता गाइड मॅडम म्हणाल्या की एक प्रकरण कॉम्प्युटरवरच्या कामाचं हवं. म्हणून टी-अँटिजेन, म्हणजे गॅलेक्टोज बीटा १-३ गॅलनॅक (एन-ॲसिटिलगॅलेक्टोसमाइन) ही दोन घटकांची साखर जॅकॅलिनमध्ये डॉक करायला, म्हणजे प्रोटीनच्या खाचेत ती कशी बसेल हे कॉम्प्युटरवर शोधायला घेतली. साखरेचं चित्र ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये काढलं (पुस्तकातल्या हॉवर्थ पद्धतीने), त्यावरून स्माइल्स (रेणू एका ओळीत अक्षरांनी लिहायची पद्धत) घेतलं, ओपन बॅबलने त्रिमिती रचना बनवली आणि ऑटोडॉक व्हिना हा डॉकिंगचा प्रोग्रॅम चालवला. प्रोटीनचं मॉडेल डेटाबेसमधून उतरवून घेतलं होतं.

पहिल्या तीन पोझचे (साखर बसण्याच्या मांडण्यांचे) स्कोअर (जितका उणे तितका चांगला) -५.९, -५.७, -५.६. पहिल्या पोझमध्ये गॅलेक्टोज खाचेत आणि गॅलनॅक बाहेर. दुसऱ्यात साखर त्याच जागी आडवी पडलीय. तिसऱ्यात गॅलनॅक आत, पण तोंड भलतीकडेच. बंगळुरूच्या क्रिस्टल स्ट्रक्चरवरच्या पेपरात गॅलनॅक आत असतं असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय रचना दाखवणाऱ्या पायमॉलमध्ये बघितलं तर एक रिंग वाकडी वाटते. पुस्तकातल्या चेअरसारखी (खुर्चीच्या आकाराची) ती दिसत नाही.

साखरेची रचना नक्की कशाने बनवायची? रिंग बरोबर आहे हे कसं ओळखायचं? आणि सिम्युलेशन (रेणूंची हालचाल कॉम्प्युटरवर चालवून बघणं) करावंच लागेल का? माझ्याकडे गेमिंग कार्ड असलेला एक लॅपटॉप आहे, बाकी काही नाही. बाहेरचे परीक्षक येणार आहेत. "या चित्रावर विश्वास का ठेवायचा?" असं त्यांनी विचारलं तर मला खरं उत्तर देता यायला हवं.

डॉक_नागपूर:

एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा तो आकडा) किती ठेवलंय? आपोआप ८ असतं, ते ३२ करा. ग्रिड बॉक्स (जिथे शोधायचं ती चौकट) खाचेपुरताच ठेवा, पूर्ण प्रोटीनवर नको. आणि एवढा त्रास कशाला, रचनेचा अंदाज देणाऱ्या अल्फाफोल्ड ३ ला प्रोटीन आणि साखर दोन्ही देऊन टाका. ते साखरा घेतं आता.

सडा_देवरुख:

आठळी, आधी साखर बघू. एक्झॉस्टिव्हनेस नंतर वाढवा, आत्ता त्याने काही होणार नाही.

व्हिना एकेरी बंध फिरवून बघतं, पण सहा अणूंची रिंग ते हलवत नाही. तुम्ही जी रिंग हातात द्याल तीच शेवटपर्यंत राहते. बोट (होडीसारखा आकार) दिलीत तर बोटच डॉक होणार, शोध कितीही वाढवा. त्यामुळे साखरेच्या बाबतीत निम्मं काम डॉकिंगच्या आधी संपलेलं असायला लागतं.

पायरॅनोज, म्हणजे सहा अणूंच्या, रिंगचे प्रमाण आकार ३८ मोजतात: २ चेअर, ६ बोट, ६ स्क्यू-बोट, १२ हाफ-चेअर, १२ एनव्हलप. क्रेमर आणि पोपल यांनी १९७५ साली रिंगचा वाकडेपणा आकड्यांत मांडायची रीत दिली, आजही सगळे प्रोग्रॅम तीच वापरतात. पण डी-गॅलेक्टोज आणि गॅलनॅकला पाण्यात एकच आकार खऱ्या अर्थाने परवडतो, तो ४सी१ चेअर. कार्बन ४ वर, कार्बन १ खाली.

हे डोळ्यांनी तपासता येतं, आणि मी प्रत्येक विद्यार्थ्याला आधी डोळ्यांनीच तपासायला लावतो. पायमॉलमध्ये रिंग कडेने दिसेल अशी फिरवा. कार्बन ४ वरचा ऑक्सिजन सरळ वर उभा दिसला पाहिजे. गॅलेक्टोज ग्लुकोजपासून वेगळं होतं ते याच एका ऑक्सिजनमुळे. गॅलनॅकच्या कार्बन २ वरचा नायट्रोजन आणि कार्बन ३ वरचा ऑक्सिजन रिंगच्या पातळीत बाहेर पसरलेले हवेत. आता कार्बन १ कडे या. गॅलनॅक अल्फा आहे, तेव्हा त्याचा ओ१ सरळ खाली गेलेला दिसेल. गॅलेक्टोज बीटा आहे, त्याचा ओ१ रिंगच्या पातळीत बाहेर जाईल. यातलं एक जरी चुकीचं दिसलं तरी त्या फाइलवर पुढचं काहीही करू नका.

तुमच्या बाबतीत माझा संशय हॉवर्थ चित्रावर आहे. हॉवर्थमधल्या नुसत्या उभ्या रेषा माणसाला कळतात, सॉफ्टवेअरला त्यातून वर-खाली कळेलच असं नाही. तुमच्या स्माइल्समध्ये किती ठिकाणी दिशा सांगणारी ॲटची खूण (@) आहे ती मोजा. दोन्ही रिंगांत मिळून दहा कार्बन असे आहेत जिथे दिशा ठरलेली असायला हवी. खुणा कमी भरल्या तर ओपन बॅबलने उरलेल्या दिशा स्वतःच्या मनाने ठरवल्या आहेत. मग ती साखर टी-अँटिजेन नाहीच, दुसरीच कुठली तरी आहे.

चित्रावरून जाऊच नका. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या कॉम्प्लेक्स कार्बोहायड्रेट रिसर्च सेंटरमध्ये रॉबर्ट वुड्स यांच्या गटाने ग्लायकॅम-वेब बनवलंय, तिथला कार्बोहायड्रेट बिल्डर मोफत आहे. एकेक घटक निवडायचा: आधी डी-गॅलेक्टोज, पायरॅनोज, बीटा, १-३ जोडणी, मग डी-गॅलनॅक, अल्फा, आणि शेवटी मोकळं ओएच न ठेवता ओएमई, म्हणजे मिथाइल. मिथाइल अशासाठी की खऱ्या पेशीत हे गॅलनॅक सेरीन किंवा थ्रिओनीनला अल्फा जोडणीने चिकटलेलं असतं. मोकळं टोक पाण्यात अल्फा-बीटा बदलत राहतं, आणि तुमच्या मॉडेलमध्ये बंध तुटत नाहीत म्हणून ते बदलही दिसणार नाहीत. मिथाइल लावलं की कशाबद्दल बोलतोय ते पक्कं झालं.

फाइल उतरवली की त्यात ओएमई, ३व्हीए, ०एलबी अशी नावं दिसतील. गोंधळू नका. पहिला आकडा कुठल्या कार्बनवर पुढची साखर आहे तो (० म्हणजे टोक), मधलं अक्षर साखरेचं, शेवटचं अल्फा-बीटाचं. पीडीबीत (प्रोटीनच्या रचनांचा जागतिक संग्रह) मात्र नावं वेगळी: बीटा गॅलेक्टोज जीएएल, अल्फा गॅलेक्टोज जीएलए, अल्फा गॅलनॅक एटूजी, बीटा गॅलनॅक एनजीए. एटूजीच्या जागी एनजीए लिहिलेल्या फाइली मी भरपूर पाहिल्यात. २००४ साली हायडेलबर्गच्या गटाने पीडीबीतल्या साखरा तपासल्या, तेव्हा साखर असलेल्या सुमारे ३० टक्के नोंदींत काही ना काही चूक निघाली होती. जुलै २०२० मध्ये पीडीबीने सगळ्या साखरांची नावं आणि जोडण्या नव्याने लावल्या, त्यामुळे जुनी फाइल कुणाच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नका, ताजी उतरवा.

आणि नागपूरकर, अल्फाफोल्ड ३ साखरा घेतं हे खरं. पण त्यांच्याच २०२४ च्या पेपरात लिगंडची (प्रोटीनला चिकटणाऱ्या रेणूची) कायरॅलिटी, म्हणजे कार्बनवरची दिशा, चुकण्याचं प्रमाण ४.४ टक्के दिलंय. बेंझिन रिंगवाल्या औषधात कायरल केंद्रं एखाद-दोन असतात. इथे दहा आहेत, आणि एक फिरलं की गॅलेक्टोजचं ग्लुकोज होतं. वापरायला हरकत नाही, पण उत्तर प्रायव्हेटीअरमधून काढल्याशिवाय (यॉर्कच्या गटाचा साखर तपासण्याचा प्रोग्रॅम, सीसीपी४ सोबत येतो) त्यावर बोलू नका.

आठळी:

सर, मनापासून आभार. खुणा मोजल्या. सहाच निघाल्या. म्हणजे मी जे डॉक करत होते ते टी-अँटिजेन नव्हतंच.

ग्लायकॅमवरून साखर नवीन बनवली. कडेने फिरवून बघितली, दोन्ही रिंगांवर ओ४ वर उभा आहे, गॅलनॅकचा ओ१ खाली, गॅलेक्टोजचा बाहेर. आता चेअर खरंच चेअरसारखी दिसते.

पण डॉक केल्यावर अजूनही गॅलेक्टोजच आत जातंय. स्कोअर -६.१, आणि गॅलनॅक आत असलेली पोझ -५.८ ला चौथी आहे. साखर बरोबर असूनही हे का होतंय?

लेक्टिन_सांगली:

मध्येच बोलते. प्रोटीन कुठलं घेतलंत? "डेटाबेसमधून" एवढंच लिहिलंय. अल्फाफोल्डच्या डेटाबेसमधलं असेल तर तो पूर्ण सिक्वेन्सचा आहे का बघा. जॅकॅलिन झाडात एका लांब साखळीच्या रूपात तयार होतं आणि मग कापलं जातं: २० अमिनो आम्लांची बीटा साखळी आणि १३३ ची अल्फा साखळी, मधला छोटा लिंकर (जोडणारा तुकडा) निघून जातो. अल्फा साखळीचं पहिलं ग्लायसिन या कापण्यामुळेच मोकळं होतं, आणि साखर नेमकी त्याच्यापाशी बसते.

आठळी:

हो, अल्फाफोल्डचंच आहे. एकच साखळी. लिंकर तसाच आहे. क्रिस्टल स्ट्रक्चरमध्ये साखळ्या बऱ्याच दिसल्या म्हणून सोपं पडेल असं वाटून हे घेतलं.

सडा_देवरुख:

सांगलीकर, नेमकं पकडलंत. जॅकॅलिनची सगळी गंमत या ग्लायसिनमध्ये आहे.

१९९६ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून एम. विजयन यांच्या गटाने जॅकॅलिनची रचना सोडवली, पीडीबी क्रमांक १जेएसी. तीन बाजूंचा बीटा-प्रिझम हा घाट लेक्टिनमध्ये तेव्हा पहिल्यांदा दिसला. आणि त्याहून मोठी गोष्ट ही की साखळी कापल्यामुळे मोकळा झालेला ग्लायसिन १ चा नायट्रोजन थेट साखरेच्या बांधणीत भाग घेतो. त्यावर धन प्रभार असतो, आणि तो गॅलेक्टोजच्या त्याच उभ्या ओ४ ला धरतो. दुसऱ्या बाजूने ॲस्पार्टेट १२५, आणि टायरोसीन १२२, ट्रिप्टोफॅन १२३ शेजारी. न कापलेल्या मॉडेलमध्ये ग्लायसिनच्या नायट्रोजनला लिंकर चिकटलेला आहे, धन प्रभार नाही, आणि लिंकरचे अणू जागाही अडवतात. तुमची साखर बरोबर, पण तिला धरायला तिथे कुणी नाही.

म्हणून १जेएसी घ्या. साखळ्या आठ आहेत कारण प्रोटीन चार जोड्यांचं आहे. तुम्हाला एक अल्फा आणि तिच्यासोबतची बीटा एवढीच जोडी पुरे. बीटा साखळी टाकून देऊ नका. प्रोटीन तयार करताना सॉफ्टवेअर टोकांवर ॲसिटिल टोपी घालायचा पर्याय देतं, तो ग्लायसिन १ वर लावलात तर पुन्हा तीच फजिती. चार्म-जीयूआयमध्ये (सिम्युलेशनच्या फाइली बनवून देणारी वेबसाइट) करत असाल तर पहिल्या ग्लायसिनसाठी जीएलवायपी नावाचा पॅच आहे, तो निवडा.

आता डॉकिंग करताना टी-अँटिजेन लगेच घालू नका. १जेएसीमध्ये मिथाइल-अल्फा-गॅलेक्टोज आधीच बसलेलं आहे. ते काढा, नव्याने ग्लायकॅमवर बनवा आणि परत डॉक करा. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आलं तर तुमची प्रोटीनची तयारी, बॉक्स, प्रभार सगळं ठीक आहे. नाही आलं तर पुढे जायचं कारणच नाही. मग टी-अँटिजेन. त्याचंही क्रिस्टल आहे, २००२ चं, त्याच गटाचं, १एम२६. त्यात प्रोटीनला थेट भिडतं ते गॅलनॅक. गॅलेक्टोज बाहेर पाण्याकडे असतं.

गॅलनॅकच आत का, याचं उत्तर तुमच्या कॉलमने दिलेलंच आहे. ग्वार गम म्हणजे मॅनोजचा लांब कणा आणि त्यावर अल्फा १-६ जोडणीने लटकलेली गॅलेक्टोज. जॅकॅलिन तिथे अडकलं, कारण त्याला अल्फा जोडणीचं गॅलेक्टोज चालतं. टी-अँटिजेनमध्ये अल्फा जोडणी गॅलनॅकची आहे, गॅलेक्टोजची बीटा. बीटा गॅलेक्टोज त्या खाचेत बसवलं की कार्बन १ वरची पुढची साखर प्रोटीनवर आपटते. लॅक्टोजमध्येही गॅलेक्टोज बीटाच असतं, आणि जॅकॅलिनला लॅक्टोज जवळजवळ रोखत नाही. शेंगदाण्याच्या लेक्टिनचं याच्या उलट: ते टी-अँटिजेनमधलं गॅलेक्टोजच आत घेतं, लॅक्टोजही बांधतं. साखर तीच, दोन झाडांनी तिची दोन वेगवेगळी टोकं धरलीत. मला हे प्रकरण अतिशय सुंदर वाटतं.

तुमच्याकडे रक्तपेशींची चाचणी चालू आहेच. एका ओळीत लॅक्टोज घाला, एका ओळीत मिथाइल-अल्फा-गॅलेक्टोज, आणि गुठळ्या कुठे थांबतात ते बघा. परीक्षकांना द्यायला याहून भक्कम उत्तर कुठलंही सॉफ्टवेअर देणार नाही.

स्कोअरबद्दल एकदाच सांगतो. व्हिनाच्या मूळ २०१० च्या पेपरात अंदाजाची प्रमाण त्रुटी २.८५ किलोकॅलरी प्रति मोल दिली आहे. तुम्ही -६.१ आणि -५.८ यांची तुलना करताय. ०.३ च्या फरकावर कुठलंही वाक्य लिहू नका. शिवाय साध्या व्हिनाला दोन साखरांमधल्या जोडणीचे कोन किती महाग-स्वस्त आहेत हे माहीतच नसतं, ते कुठलाही कोन देऊन टाकतं. वुड्स यांच्याच गटाने २०१६ साली व्हिना-कार्ब काढलं, त्यात हा हिशेब घातलाय. ते वापरा.

कोनांबद्दल थोडं. जोडणीचे दोन कोन, फाय आणि साय. प्रथिनांसाठी जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये मद्रासला नकाशा काढला तो सगळ्यांना माहीत असतो. तीच पद्धत साखरांना लावायचं काम व्ही. एस. आर. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकातच सुरू केलं होतं, अमायलोजचे आकार त्यांनी तेव्हा हिशेबाने काढले. आपल्याकडे हे फार कमी शिकवतात, याचं मला वाईट वाटतं. तुमच्या बीटा जोडणीचा फाय -७५ अंशांच्या आसपास यायला हवा, रिंगच्या ऑक्सिजनपासून मोजलात तर. काही पेपर तोच कोन हायड्रोजनपासून मोजतात आणि मग आकडा साधारण १२० अंशांनी सरकलेला दिसतो. दोन पेपरांतले आकडे जुळत नाहीत असं वाटलं तर आधी कोन कुठून मोजलाय ते बघा. साय जास्त हलतो, त्याला एक आकडा नसतोच.

सिम्युलेशन करा, हो. लॅपटॉपवर नुसती साखर पाण्यात सोडली तर १०० नॅनोसेकंद एका रात्रीत होतील. प्रोटीनसकट जास्त वेळ लागेल, पण अशक्य नाही. फक्त एक सापळा आहे. ग्लायकॅम०६ फोर्स फील्डमध्ये (अणूंमधल्या बलांचे नियम) तीन बंध दूर असलेल्या अणूंमधली ओढाताण पूर्ण धरतात, म्हणजे गुणक १. अँबरच्या प्रोटीनसाठी त्याच ओढाताणीला विद्युतभाराच्या बाबतीत १.२ ने आणि व्हॅन डर वाल्सच्या बाबतीत २ ने भागतात. अँबर या प्रोग्रॅममध्ये चालवलंत तर दोन्ही आपापल्या जागी सांभाळलं जातं. ग्रोमॅक्स या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये आणलंत तर टोपॉलॉजी फाइलच्या वरच्या ओळीत सगळ्या रेणूंसाठी मिळून एकच जोडी असते, ०.५ आणि ०.८३३३. ती प्रोटीनची आहे. ती साखरेलाही लागू झाली तर चूक कुठेही लाल अक्षरात दिसत नाही, सिम्युलेशन सुरळीत चालतं, आणि बिघडतं ते कार्बन ६ वरचं ओएच.

ते का बिघडतं हेही सांगतो, कारण परीक्षक विचारू शकतात. ओ६ ला रिंगचा ऑक्सिजन ओ५ तीन बंध दूर आहे आणि ओ४ चार बंध दूर. गुणक लावला की ओ५ बरोबरची ओढाताण कमी होते, ओ४ बरोबरची पूर्ण राहते, आणि तराजू एका बाजूला कलतो. २००१ मध्ये किर्शनर आणि वुड्स यांनी हे दाखवलं. कार्बन ५-६ च्या बंधाभोवती ओ६ तीन स्थितींत बसू शकतो: जीजी, जीटी, टीजी. पाण्यात ग्लुकोजचा ओ६ जीजी आणि जीटी या दोन स्थितींत असतो, टीजी जवळपास नाहीच. गॅलेक्टोजमध्ये जीटी सगळ्यात जास्त, मग टीजी, आणि जीजी कमी, कारण उभा ओ४ त्याला तिथे राहू देत नाही. तुमच्या १०० नॅनोसेकंदांत गॅलेक्टोज बहुतेक वेळ जीजीत बसलेलं दिसलं तर समजा गुणक घसरलाय.

ग्रोमॅक्सच हवं असेल तर सरळ चार्म-जीयूआयच्या ग्लायकन रीडरमधून फाइली घ्या. चार्म३६ मध्ये साखर आणि प्रोटीन दोघांनाही गुणक १ च आहे, ही भानगडच नाही.

हेपॅरिन_वसई:

छान चर्चा. माझा प्रश्न थोडा बाजूचा. मी हेपॅरिनचे (रक्त गोठू न देणारी साखरेची साखळी) तुकडे डॉक करतो. त्यात इड्युरॉनिक आम्ल ही साखर आहे. "रिंग एकच, ४सी१ तपासा" हा नियम तिथेही लावायचा का?

सडा_देवरुख:

नाही, तिथे हा नियम लावलात तर नुकसान होईल. वर मी जे लिहिलंय ते गॅलेक्टोज-गॅलनॅकपुरतं. सल्फेट असलेलं इड्युरोनेट हेपॅरिनच्या आत १सी४ चेअर आणि २एसओ स्क्यू-बोट यांच्यात येत-जात असतं. १९९३ च्या एनएमआर रचनेत, १एचपीएन मध्ये, म्हणूनच दोन मॉडेलं दिली आहेत, एका आकाराचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं. अँटिथ्रॉम्बिन या रक्तातल्या प्रोटीनला चिकटताना पाच घटकांच्या तुकड्यातलं इड्युरोनेट २एसओ आकार घेतं. तेव्हा दोन्ही आकारांच्या फाइली वेगळ्या बनवा, दोन्ही डॉक करा, आणि निकाल दोन्हींचा द्या. साध्या सिम्युलेशनमध्ये हे रूपांतर पुरेसं वेळा होईल यावर अवलंबून राहू नका, मेटाडायनॅमिक्ससारखं (रेणूला नव्या आकारांकडे ढकलणारं) काहीतरी लागेल. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

आठळी:

सर, मॅडम, कळवायला उशीर झाला. १जेएसी घेतलं, ग्लायसिन १ वर धन प्रभार ठेवला. मिथाइल-अल्फा-गॅलेक्टोज परत डॉक केलं, ते २ अँगस्ट्रॉमच्या आत मूळ जागी आलं. टी-अँटिजेन व्हिना-कार्बने डॉक केलं, पहिल्या पोझमध्ये गॅलनॅक आत आणि गॅलेक्टोज बाहेर आहे. १एम२६ शेजारी ठेवून बघितलं, ओ४ ग्लायसिनकडेच आहे. नुसत्या साखरेचं सिम्युलेशन चार्म३६ ने झालं, गॅलेक्टोज जास्त वेळ जीटीत आहे.

लॅबमध्ये लॅक्टोजने गुठळ्या थांबल्या नाहीत. मिथाइल-अल्फा-गॅलेक्टोजने थांबल्या.

फक्त एक अडचण. लॅक्टोजही डॉक करून बघितलं, त्याचा स्कोअर -६.०. टी-अँटिजेनच्या जवळपासच. मग हे प्रबंधात लिहू की गाळू? आणि आकृती कशी काढू?

लेक्टिन_सांगली:

लिहाच. गाळू नका.

सडा_देवरुख:

सांगलीकरांना दुजोरा. लॅक्टोजचा आकडा तक्त्यात जसाच्या तसा द्या, आणि खाली लिहा की व्हिनाचा स्कोअर या दोन साखरांत फरक करू शकला नाही, चाचणीने केला. मग लॅक्टोजची पोझ उघडून बघा. माझा अंदाज आहे की त्यातलं गॅलेक्टोज खाचेत सरळ बसलेलं नसेल, ओ४ ग्लायसिनपासून दूर असेल किंवा ग्लुकोजचा भाग प्रोटीनला घासत असेल. तसं दिसलं तर ते अंतर मोजून लिहा. नाही दिसलं तर तसंही लिहा.

आकृतीत दोन चौकटी ठेवा. डावीकडे तुमची पोझ आणि १एम२६ मधली साखर एकावर एक, वेगळ्या रंगात. उजवीकडे फक्त ग्लायसिन १, ॲस्पार्टेट १२५ आणि गॅलनॅक, जवळून. ग्लायसिनच्या नायट्रोजनपासून ओ४ पर्यंतचं अंतर तुटक रेषेवर अँगस्ट्रॉममध्ये लिहा. साखर पुस्तकी चिन्हांनीही दाखवा, गॅलेक्टोज पिवळं वर्तुळ, गॅलनॅक पिवळा चौकोन, आणि जोडणीपाशी बीटा ३. प्रोटीनच्या बाजूला "अल्फा साखळी" आणि "बीटा साखळी" ही नावं घाला, म्हणजे ग्लायसिन मोकळं का आहे हे बघणाऱ्याला विचारावं लागणार नाही. आणि क्रिस्टलमधल्या साखरेवर हायड्रोजन काढू नका, ते प्रयोगात दिसलेले नाहीत.

सिम्युलेशनसाठी ओ६ चा आलेख वेगळा द्या, वेळ आडव्या अक्षावर, कोन उभ्या. पहिली काही नॅनोसेकंद सोडून बाकीचा भाग मोजा. फोर्स फील्डचं नाव, पाण्याचं मॉडेल आणि साखरेची फाइल परिशिष्टात घाला.